क्रेनला शिडी एकच होती

ग्रोडेनाउ, १० मार्च २०२४

प्रिय मार्लीस,

परवा आठ मार्च झाला. यंदा मला फूल मिळालं ते फक्त बेकरीवाल्याकडून, तेही ब्रेडसोबत फुकट. लाल कार्नेशन, देठ मोडलेलं. पेल्यात ठेवलं आणि तुझी आठवण आली. आपला महिला दिन आठवतो ना गं? पोहले मुकादम बायकोचा फुलाफुलांचा एप्रन पोटावर ताणून बांधायचा आणि आपल्याला कॉफी वाढायचा. मग ती अंड्याची गोड दारू, चॉकलेटच्या इवल्या कपांतून. दारू प्यायची आणि कपही खाऊन टाकायचा, म्हणजे किती प्यालो याचा पुरावाच उरायचा नाही. मग आपण दोघी शिडी चढून आपापल्या क्रेनवर, आणि खालून मुकादमाची आरोळी, "बायांनो, आज तरी सरळ चालवा!"

आता ना तो कारखाना, ना मुकादम, ना तो पूर्व जर्मनी नावाचा देश. मी आपली स्वयंपाकघरात बसून तुला लिहिते आहे.

लिहायला कारणही आहे. आमच्या नातीचं, येटेचं, मला काय करावं कळत नाही. पोरगी दहावीत आहे, तिला वर्षभर एका विषयावर मोठा प्रबंध लिहायचा असतो. तिने विषय घेतला आपलाच, ग्रोडेनाउच्या पोलाद कारखान्यातल्या क्रेनवरच्या बायका. मला किती आनंद झाला सांगू! हिवाळाभर दर रविवारी ती यायची, उकडलेले बटाटे, दही आणि जवसाचं तेल खायची आणि मी बोलत राहायची. तू ऱ्हाईन नदीकाठून लिहिलेली पत्रंही तिला वाचायला दिली. म्हटलं, बघ, इकडे माझी क्रेन भंगारात गेली, पण माझी मैत्रीण पश्चिमेत जाऊनसुद्धा वीस वर्षं क्रेनवर बसली.

आणि आता प्रबंध बघते तर काय, पानोपानी तारे! तुला माहीत असेलच ते नवीन खूळ. पुरुषाचा शब्द लिहायचा, मग एक छोटा तारा, मग बाईचं शेपूट. क्रेनवाला*ली. म्हणजे पुरुष आला, बाई आली आणि दोन्हींत न बसणारे तेही आले म्हणे, एकाच शब्दात. मी म्हटलं, "बाळ, मी क्रेनवाला होते. माझ्या ओळखपत्रावर तेच होतं आणि मला त्याचा अभिमान होता. मला शेपूट कशाला लावतेस? आणि वर ही चांदणी?" तर तोंड फुगवून बसली.

तिच्या शाळेतही तेच. मंत्रालयाचा नियम आहे की शाळेत हा तारा चूकच धरायचा. तिच्या वेंडलर सरांनी प्रबंध परत दिला आणि सांगितलं, तारे काढ, हवं तर दोन्ही शब्द लिही, क्रेनवाला आणि क्रेनवाली. मे महिन्यापर्यंत मुदत आहे. नाही काढले तर इतक्या चुका होतील की पाच मिळतील, म्हणजे नापास. आणि यात नापास झाली तर अकरावीला घेणार नाहीत. ती म्हणते, नाही काढणार. का, तेही सांगत नाही. दोन रविवार झाले, आलेली नाही.

तू लिही ना तिला. तुझं ऐकेल ती. लिही की आपल्याला ना शेपूट लागलं ना तारा, आपण इकडेही क्रेनवाला होतो आणि तू तिकडेही.

तुझी
ट्राउडेल


डुइसबुर्ग, २४ मार्च २०२४

प्रिय ट्राउडेल,

तुझं कार्नेशन वाचून हसू आलं. मला इथे कोणीच फूल देत नाही, इथल्या बायकांचा दिवस मे महिन्यात असतो आणि त्याला आई व्हावं लागतं.

तुझं पत्र आल्यापासून मी मनाने आपल्या कारखान्याच्या त्या हॉलमध्येच फिरते आहे. पहिला दिवस आठवतो का? आपण दोघी एकोणीस वर्षांच्या. तू शिडीच्या खाली दांडा धरून उभी, चेहरा चुन्यासारखा, आणि म्हणालीस, "मार्लीस, मी नाही चढत, मला शिवणकामाला पाठवा." मी आधी चढले. वरून दोरी सोडली आणि म्हटलं, "तुझा थर्मास बांध. तुझी कॉफी वर आली की तू येशीलच." आणि तू आलीस, कॉफीच्या मागे मागे! नंतर सगळ्यांनीच दोऱ्या ठेवल्या. डबे वर, रिकामी भांडी खाली, कधी पोहलेच्या टोपीत मांजराचं पिल्लू. त्या क्रेनला शिडी एकच होती ना गं. बाप्ये त्याच शिडीने चढायचे आणि आपणही. कोणी कधी विचारलं नाही की बाई, तू कुठल्या बाजूने येणार.

येटेचं म्हणशील तर मला त्यात पाडू नकोस. मी म्हातारी, लांब बसलेली, आणि हे व्याकरणाचे वाद मला काय कळणार? शाळेने तो तारा चालवून घ्यावा की नाही हे ठरवणारे वेगळे असतात. पण पोरीला तिचं लिहू दे. सोळाव्या वर्षी कोणी उगाच नापास व्हायला तयार होत नाही, तिचं काहीतरी कारण असेल. तिच्यावर रागावू नकोस, एवढं माझं ऐक.

आणि प्रबंधात माझं फार काही नको. ग्रोडेनाउमधलं तुझंच इतकं आहे की त्यात सगळी पानं भरतील. तिने माझ्याबद्दल काय लिहिलंय, तू वाचलंस का?

इकडे गारठा आहे. नदीवर धुकं आहे.

तुझी
मार्लीस


ग्रोडेनाउ, ७ एप्रिल २०२४

प्रिय मार्लीस,

तू अशी गुळमुळीत कधीपासून बोलायला लागलीस? मी मदत मागितली आणि तू मला मांजराचं पिल्लू पाठवलंस!

ईस्टरला येटे आली होती. दरवर्षीसारखी मेणाने नक्षी काढून रंगवलेली अंडी घेऊन. मीही ठरवलं होतं, भांडायचं नाही. केक खाल्ला, अंडी टेबलावर मांडली, सगळं गोडीत चाललं होतं. मग मीच न राहवून म्हटलं, "सर एवढं म्हणतायत तर दोन्ही शब्द लिही की. दोन्ही लिहायला तुझं काय जातं?"

ती म्हणाली, "आजी, दोन शब्द लिहिले की दोन दारं होतात. आणि मग कोणीतरी सांगतं की तुमचं दार ते नाही."

"कोण सांगतं? मला कोणी सांगितलं?"

"तुला नाही सांगितलं."

"मग कोणाला?"

अंडी पुन्हा नीट मांडायला लागली! ताकास तूर लागू दिली नाही. त्या मुलीचा जबडा तिच्या बापासारखा, माझ्या हारोसारखा आहे, एकदा मिटला की मिटला.

मग मी स्वतः शाळेत गेले. वेंडलर सर बरे आहेत गं, पोरसवदा, बोटांना शाई लागलेली. मला खुर्ची दिली, म्हणाले, "फ्राउ ग्योब्लर, मला स्वतःला तो तारा वाचायला काहीच अडचण नाही. अर्धा वर्ग तसं लिहितो. काल एकीने विचारलं, दोन्हींत न बसणाऱ्यांनी मग जायचं कुठे. दुसऱ्या बाजूला माझ्या वर्गात दोन मुलं आहेत जी जर्मन आत्ता शिकतायत, ती ताऱ्यापाशी अडखळतात. पण माझ्या मताचा प्रश्नच नाही. नियम आहे आणि मी नोकर आहे. तिला एवढंच सांगा, मुदतीआधी मला कारण तरी सांग. कारण समजलं तर तोंडी परीक्षेत मला तिच्यासाठी काहीतरी करता येईल. इतका सुंदर प्रबंध मी वर्षानुवर्षं वाचला नाही."

आणि त्यांनी मला प्रबंध चाळायला दिला. मार्लीस, त्यात तू नाहीस! तिसऱ्या प्रकरणावर तुझं नाव आहे आणि खाली एकच ओळ, 'मार्लीस केटनर, ग्रोडेनाउ येथे क्रेनवर, १९७४ ते १९९१.' पुढे पान कोरं. डुइसबुर्गचा एक शब्द नाही! तुझी वीस वर्षं, ते धुकं, कोळशाचे पडाव, क्रेनच्या टोकावर बसलेला तो करकोचा, जे मी तिला वाचून दाखवलं, सगळं गायब.

मी घरी येऊन तिला फोन केला. माझा तोल गेला. म्हटलं, "ताऱ्यांना जागा आहे आणि माझ्या मैत्रिणीला नाही? सगळ्या बायकांच्या नावाने गळा काढतेस आणि जी खरोखर वर बसली होती तिला पुसून टाकतेस?" ती काहीतरी बोलायला गेली, मग रडायला लागली. मी म्हटलं, मार्लीसची माफी मागशील तेव्हाच ये. आणि फोन ठेवला.

आता घर खायला उठतं. रविवारचे बटाटे एकटीसाठी उकडत नाही. पण तुझा अपमान मी सहन करणार नाही, नात असली म्हणून काय झालं.

तुझी
ट्राउडेल


डुइसबुर्ग, ११ एप्रिल २०२४

ट्राउडेल,

हे पत्र उभ्यानेच वाचू नकोस, बस.

येटेने मला पुसलेलं नाही. ती मला झाकते आहे. मी तिच्याकडून वचन घेतलं होतं म्हणून ती तुझ्याशी बोलत नाही, सरांना कारण सांगत नाही आणि नापास व्हायला निघाली आहे. तिची माफी मागायची वेळ माझ्यावर आली आहे. आधी तुझी मागते.

जानेवारीत तिने मला लिहिलं, तुमचा क्रेनवरचा एखादा फोटो पाठवा. माझ्याकडे कुठला फोटो! मी लिहिलं, सापडत नाही. पोरगी तुझीच नात. तिने थेट इथल्या बंदरातल्या निवृत्त कामगारांच्या मंडळाला फोन लावला. तिथल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, आमच्या क्रेनवर बाई कधीच नव्हती, पण मार्लीस म्हणजे कँटीनमधली का? तिचं वाटाण्याचं सूप काय असायचं!

फेब्रुवारीच्या सुट्टीत ती मैत्रिणीकडे गेली असं तुला वाटतंय. ती माझ्याकडे आली होती. माझ्या स्वयंपाकघरात बसली, कोटसुद्धा काढला नाही, आणि म्हणाली, "मार्लीस मावशी, मी रागवायला आले नाही. फक्त सांगा."

तिला सांगितलं ते तुला आज सांगते. एक्क्याण्णव साली इथे आले तेव्हा पेपरात जाहिरात होती, 'क्रेनवाला पाहिजे.' मी वाचली आणि म्हटलं, ही माझीच. ट्राउडेल, मला शंकासुद्धा आली नाही! कशी येणार? मी क्रेनवालाच होते. त्याच संध्याकाळी तुला लिहून टाकलं की नोकरी झालीच समज. दुसऱ्या दिवशी केस सेट करून, प्रमाणपत्रं घेऊन गेले. टेबलामागच्या माणसाने माझ्या पाठीमागे पाहिलं आणि विचारलं, "आणि तुमचे यजमान कुठे आहेत?" मला वाटलं, चौकशी करतोय बिचारा. मी म्हटलं, "घरी आहेत, बटाटे सोलतायत." तो इतका हसला की शेजारच्या खोलीतून एकजण बघायला आला. मग म्हणाला, "बाई, जाहिरातीत क्रेनवाला लिहिलंय. वर जायचं दार पुरुषांच्या कपडे बदलायच्या खोलीतून आहे. बायकांची खोली फक्त कँटीनला आहे. तिथे जागा आहे."

आपण दोघी एकच शब्द घेऊन निघालो होतो. तुझ्याकडे तो खरा होता, कारण तुझ्यासमोर शिडी होती. इथे तोच शब्द माझ्या तोंडावर आपटला. पूर्वेची बाईच अशी चूक करू शकते. इथल्या कुठल्याही बाईने ती जाहिरात वाचून पान उलटलं असतं.

मी कँटीन घेतली. तुला खरं लिहायलाच बसले होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं. तुमचा हॉल बंद झाला होता, तुझी क्रेन कापून भंगारात नेली होती आणि तुला रोजगार खात्याने बागेतली पानं झाडायला लावलं होतं. तू लिहिलं होतंस, "मार्लीस, निदान तू तरी वर आहेस. मी पानं झाडते आणि मधेच मान वर करते, तेव्हा तुझा विचार करते." ते वाचल्यावर मी खाली कशी उतरणार होते?

मग पत्रांत मी वरच राहिले. यल्माझ नावाचा क्रेनवाला रोज जेवायला यायचा. त्याला सूप वाढताना विचारायचे, आज वरून काय दिसलं? तो सांगायचा, धुकं, पडाव, करकोचा. एकदा म्हणाला, "मार्लीस, तुला एवढं कशाला हवं असतं?" मी म्हटलं, "मैत्रिणीला लिहायचं असतं." त्यानंतर तो माझ्यासाठी मुद्दाम नीट बघून यायला लागला. म्हणजे तुला लिहिलेलं सगळं खरं होतं गं, फक्त बघणारी मी नव्हते. मी खिडकीतून क्रेनची पोटं पाहत होते आणि भांडी घासत होते.

सगळं ऐकून झाल्यावर येटेने कोट काढला. मग म्हणाली, "म्हणजे शब्दात तुम्ही होतात असं सगळ्यांना वाटायचं आणि तुम्ही त्यात नव्हतातच." मी तिला म्हटलं, आजीला कळता कामा नये, तिला माझ्या क्रेनचाच आधार होता. तिने वचन दिलं. माझ्याबद्दल खोटं लिहिणार नाही आणि खरं सांगणार नाही, म्हणून तिने पान कोरं ठेवलं. आणि सगळीकडे तो तारा लावला. तिच्या मते तो तारा म्हणजे आपली शिडी. कोणीही या, एकाच वाटेने चढा.

तो तारा मला आवडतो का? खरं सांगू, माहीत नाही. या वयात नवीन चिन्हं शिकायचा मला कंटाळा येतो. पण तिने तो कोणासाठी लावलाय ते मला माहीत आहे.

वचनातून मी तिला मोकळं करते आहे. तिला तसं आजच लिहिलंय. मुदत संपायच्या आत तिच्याकडे जा. माझ्याशी नंतर बोललीस तरी चालेल, नाही बोललीस तरी मी समजेन.

मार्लीस


ग्रोडेनाउ, १६ जून २०२४

प्रिय मार्लीस,

दोन महिने लिहिलं नाही. रागावले होते, आणि तुला वाटतंय त्यासाठी नाही. तू खोटं बोललीस ते मी एका बटाट्याबरोबर गिळलं असतं. पण तेहतीस वर्षं तू एकटी खाली बसून राहिलीस आणि माझ्यासाठी वर असल्याचं सोंग केलंस, याचा मला इतका राग आला की पेन धरवेना. मूर्ख बाई! तुला क्रेन नाही मिळाली म्हणून मी काय मैत्री सोडणार होते? मी तर पानं झाडत होते! दोघी मिळून रडलो असतो, हसलोही असतो. यजमान बटाटे सोलतायत म्हणे. पहिल्या वेळी वाचून रडले, पण आता रोज एकदा आठवून हसते.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी बटाट्यांचं पातेलं सायकलला बांधून येटेकडे गेले. दार तिनेच उघडलं. मी म्हटलं, "मार्लीसचं पत्र आलंय. सगळं कळलं." तिने मला मिठी मारली आणि जवसाच्या तेलाची बाटली पायपुसण्यावर उपडी झाली. सुनेने अजून मला माफ केलेलं नाही, तो वास जात नाही. मी येटेची माफी मागितली. ती म्हणाली, "आजी, तू मैत्रिणीसाठी भांडत होतीस. मी पण."

मग तिने तिसरं प्रकरण लिहिलं, तुला पाठवलंच आहे. ताऱ्यांचं मी तिला म्हटलं, आता कारण सांगता येतं तर सांग आणि तुझं तू ठरव. तिने काय केलं माहितीये? आपल्या हॉलच्या प्रकरणांत आपलाच शब्द ठेवला, क्रेनवाला, कारण आपण स्वतःला तसंच म्हणायचो. तारा ठेवला तो जिथे ती स्वतः बोलते तिथे, आणि तुझ्या प्रकरणात सगळीकडे. मला न विचारता माझं ऐकलं पोरीने.

गेल्या आठवड्यात तिची तोंडी परीक्षा झाली. घरच्यांना मागे बसता येतं. तिने तुझी जाहिरात, तो टेबलामागचा माणूस, यल्माझ, सगळं सांगितलं. एकाही मुलाने मोबाइल बघितला नाही. शेवटी वेंडलर सर मागे वळले आणि मलाच विचारलं, "फ्राउ ग्योब्लर, तुम्हाला पटतो का हा तारा?"

मी उभी राहिले. म्हटलं, "नाही. डोळ्यात कुसळासारखा खुपतो. मी क्रेनवाला होते आणि मरेपर्यंत क्रेनवालाच राहणार. पण सर, मला वाटत होतं की त्या शब्दाने मला वर नेलं. तसं नव्हतं. मला शिडीने वर नेलं. माझ्या मैत्रिणीकडे तोच शब्द होता आणि शिडी नव्हती. आता ही मुलं शब्दाला शिडी लावून बघतायत. ती टिकेल की मोडेल मला माहीत नाही. पण शिडी लावणाऱ्याला नापास करायचं नसतं."

बोलताना मी पुढच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, पहिल्या दिवशी शिडीचा दांडा धरला होता तशी.

सरांनी लेखनातला प्रत्येक तारा लाल केला, नियमच आहे. त्याखाली लिहिलं, 'दोन ठिकाणी चुका मोजायचं विसरलो, वाचत राहिलो.' सगळं मिळून तीन मिळाले, म्हणजे नीट पास. येटे अकरावीला चालली. तारा शाळेत चालणार की नाही हे अजून तसंच लोंबकळतंय, आणि दर रविवारी बटाट्यांवर आम्ही दोघी त्यावरून भांडतो. पूर्वीसारखं घर भरून जातं.

आता काम ऐक. आपल्या जुन्या हॉलचं संग्रहालय झालंय. माझी क्रेन गेली, पण तुझी अजून आहे. मी तिथल्या रखवालदाराशी बोलून ठेवलंय. पोहलेचाच नातू निघाला, तेच पोट. तो म्हणाला, शिडी भक्कम आहे, आज्या सांभाळून चढणार असतील तर माझी हरकत नाही.

जुलैत ये. गुडघ्यांचं काही सांगू नकोस, माझेही दुखतात. या वेळीही तूच आधी चढ आणि वरून दोरी सोड. मी थर्मास बांधीन. मग खाली हॉलच्या मधोमध उभी राहून हात वर करीन आणि गोल फिरवीन. 'वर उचल' हा आपला इशारा तू विसरली नसशील.

तुझी
ट्राउडेल